काचेची खोली

कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतल्याची बातमी भिंगकाकांना सकाळी दहा वाजता कळली आणि साडेदहापर्यंत ते ती आपणच विकत घेतल्यासारखे वागू लागले.

फोटोचे कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. कपाळावर कायम चढवलेलं भिंग, म्हणून भिंगकाका. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. आता त्यांच्या कंपनीने सिनेमाचे कॅमेरे बनवणारी एक नावाजलेली कंपनी घेतली होती. ज्या कॅमेऱ्यांपुढे फोटोवाल्यांनी जन्मभर मान खाली घातली, ते आता आपल्या दावणीला येणार, या विचाराने काकांचे पाय जमिनीला लागेनात. त्यांचे साडू सिनेमाच्या शूटिंगला दिवे लावायला जात आणि एवढ्या भांडवलावर सासरच्या मंडळींत टेंभा मिरवत. काकांनी पहिला फोन त्यांना लावला. "तुमचे ते मोठे कॅमेरे आता आमचे झाले बरं का," एवढं सांगितलं आणि समोरून काही यायच्या आत ठेवून दिला.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आता तरी तुमच्या खुर्चीचा पाय बदलणार का, असं विचारलं. काकांच्या कामावरच्या खुर्चीच्या एका पायाखाली सहा वर्षं वर्तमानपत्राची घडी होती. घरच्यांना मोठ्या घडामोडींतलं काही कळत नाही, असं मनाशी ठरवून काका जेवायला बसले.

त्यांचा हिशेब सरळ होता. घेणारे आपण, म्हणजे आपण सासर. येणार ती सून. ती आल्यावर चार दिवस दबून राहील, इथल्या रीती विचारून घेईल, मोठ्यांचा मान ठेवील. पण महिन्याभराने त्या कंपनीची इंजिनिअर बाई तीन पेट्या घेऊन आली आणि काकांच्या लक्षात आलं की आपल्या घरात सून आलेली नाही, जावई आला आहे.

तिच्यासाठी सामानाची खोली रिकामी झाली. चारी बाजूंनी काच बसली, छताला धूळ गाळणारं यंत्र लागलं, सात दिवे आले. आत जाताना पांढरा डगला घालायचा, हातमोजे चढवायचे आणि बुटांवर निळ्या कापडी पिशव्या ओढायच्या. चाकांची खुर्ची आली, तिला मान टेकायला वेगळी उशी. साहेब, म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक, चोवीस वर्षांत काकांच्या टेबलापाशी सह्या घेण्यापुरते येत. आता ते चहाचा कप घेऊन काचेबाहेर उभे राहत आणि आत बघत बसत. तिच्या कंपनीच्या माणसांना ते 'आपली टीम' म्हणत. काकांच्या माणसांना 'तुमचा विभाग'. काकांच्या पोटात जे दुखायला लागलं त्यावर औषध नव्हतं.

त्यातून बाई चांगली होती. रोज काकांना आधी नमस्कार करायची, काहीही विचारताना "काका, जरा बघता का" म्हणायची. तिच्यात नाव ठेवायला जागा सापडेना, आणि हे तर काकांना मुळीच सहन होईना.

मग साहेबांनी सांगितलं की शुक्रवारी वरच्या ऑफिसला आराखडा जाणार. दोन्हीकडचं मिळून एकच दुरुस्ती विभाग, त्याला एकच प्रमुख, आणि जागा अपुरी असल्यामुळे टेबलांची नवी मांडणी. प्रमुखपद गेलं तर गेलं, पण काकांचं टेबल खिडकीजवळचं होतं. सकाळी अकरापर्यंत त्या खिडकीतून तिरपं ऊन येई आणि त्या उन्हात भिंग नुसतं कलतं केलं तरी धुळीचा कण उठून दिसे. दिव्याखाली काम करणाऱ्याला काका दुरुस्तीवाला मानतच नसत. ते टेबल गेलं तर निवृत्तीपर्यंतची उरलेली सहा वर्षं आपण नुसते हजेरी लावायला येणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत बाई खाली गेली होती. काचेच्या खोलीत तिचा मोठा कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर उभा होता, तोंड भिंतीवरच्या चाचणीच्या तक्त्याकडे. काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डगला नाही, पिशव्या नाहीत, तसेच आत शिरले.

कॅमेरा कसा आहे हे पाहायचं म्हणजे एकदा बटण दाबून पाहायचं, ही त्यांची चोवीस वर्षांची सवय. त्यांनी दाबलं. खटका वाजला नाही. एक लाल दिवा तेवढा लागला. फ्लॅशवर असा दिवा लागला की यंत्र तयार आहे असं समजतात, तसं ते समजले. सिनेमाचा कॅमेरा एकदा दाबला की सुरू होतो आणि पुन्हा दाबेपर्यंत थांबत नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या बोटाला ते ठाऊक नव्हतं.

"एवढं थोरलं धूड आणि साधा खटका वाजत नाही," काका म्हणाले आणि त्याच्या समोर, बाईच्या खुर्चीत, उशीला मान टेकून बसले. आणि एकदा बोलायला लागले ते लागलेच. समोरचं ऐकणारं आडवं बोलत नव्हतं. महिन्याभराचं साचलेलं सगळं बाहेर आलं. मधेच त्यांना कॅमेऱ्यावर बोटाचा ठसा दिसला, तेव्हा खिशातलं मऊ फडकं काढून त्यांनी तो बोलता बोलता पुसला. मन हलकं झाल्यावर ते उठले आणि आपल्या टेबलावर येऊन डबा खाल्ला. कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं.

बुधवारी संध्याकाळी निघताना बाई सहज म्हणाली, "काका, काल दुपारी तुम्ही खोलीत होतात ना? कॅमेरा बावीस मिनिटं चालू राहिला होता. तुम्ही स्पष्ट आला आहात. मी साहेबांना दाखवलं, त्यांनी दोनदा पाहिलं."

एवढं बोलून ती फोन कानाला लावून जिना उतरली. काका जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. बावीस मिनिटं. दोनदा.

घरी बायकोला सांगावंच लागलं. तिने आधी सगळं काढून घेतलं आणि मग म्हणाली, "अहो, आता दुसऱ्याने ऐकवायच्या आत आपणच सांगून टाका. माफी मागितलेल्या माणसाला कोणी हाकलत नाही." मग थोडं थांबून तिने विचारलं, "माझ्याबद्दल नव्हतं ना काही?"

काका कपाळावरचं भिंग उतरवून पुसायला लागले. तेव्हा माफी मागण्याची सुरुवात घरापासूनच करावी लागली. घरी इंजिनिअर बाईचं कौतुक केलं की बायको म्हणते, तिला हाताखाली कोणी माणूस हवा असेल तर तुम्हीच जा, तुमचंही काम सुधारेल, असं ते कॅमेऱ्याला म्हणाले होते. ते खरंच होतं, पण तसं सांगितल्यावर त्या दिवशी त्यांना ताट आपलं आपणच वाढून घ्यावं लागलं.

काही राहून जायला नको म्हणून काकांनी एका कागदावर सगळं आठवून लिहिलं. गुरुवारी सकाळी बाईने डगला चढवायच्या आत त्यांनी तिला गाठलं आणि कागद उघडला. तिने काही बोलायला तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. एकदा थांबलो तर पुन्हा धीर व्हायचा नाही, म्हणाले.

आणि वाचलं. तुम्ही स्क्रूड्रायव्हर पेनसारखा धरता, ते चूक आहे, असं मी म्हणालो. कामात गुणगुणता, ते दार उघडलं की मला खिडकीपर्यंत ऐकू येतं, असं म्हणालो. झाकण उघडताना तिसऱ्या स्क्रूपाशी थांबता, श्वास धरता, मग पुढे जाता, असं म्हणालो. हातमोजे तुम्हाला हवेत कशाला, तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, असंही म्हणालो, आणि तेच मला बघवत नाही, असं कॅमेऱ्यापुढे म्हणालो.

बाईने हातातला डगला पुन्हा खुंटीला अडकवला. मग म्हणाली, "तिसऱ्या स्क्रूचं आजवर कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं." तेवढ्यात साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

साहेब उठून उभे राहिले, चेहरा हसरा, हातात एक टाइप केलेला कागद. ते काही बोलणार तेवढ्यात काकांनी आपला कागद पुढे केला. तुम्ही आधी ऐका साहेब, मग काय ते करा, म्हणाले. आणि साहेबांचा भाग वाचायला लागले. साहेब काचेबाहेर असे उभे राहतात जसे मत्स्यालय बघायला आलेत. साहेबांना भिंग कुठल्या बाजूने बसतं ते आजही माहीत नाही, एकदा उलटं धरून त्यांनी मान डोलावली होती. आणि शेवटी, "मला ती काचेची खोली द्या, मग दाखवतो दुरुस्ती कशाला म्हणतात."

साहेब खाली बसले. त्यांनी टेबलावरच्या संगणकाचा पडदा काकांकडे वळवला आणि चित्रण सुरू केलं. खुर्चीत बसलेले काका दिसले. सातही दिव्यांत चेहऱ्यावरची एकेक सुरकुती स्वच्छ. ओठ हलत होते, हात हलत होते, डोळे पाणावल्यासारखे. मधेच त्यांनी खिशातलं फडकं काढून कॅमेरा हलकेच पुसला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा. आणि हे सगळं अगदी चिडीचूप.

"आवाज वाढवा ना," काका म्हणाले.

"आवाज नाहीये, काका," बाई मागून म्हणाली. "या कॅमेऱ्याला माइकच नसतो. सिनेमात आवाज वेगळ्या यंत्रावर घेतात."

काका तिच्याकडे वळले. "मग मघाशी सांगायचं नाही का?"

"सांगणार होते. तुम्ही हात वर केलात." तिने जरा खाली पाहिलं. "आणि नंतर मला पुढचं ऐकायचं होतं."

साहेबांनी आपला कागद उचलला आणि घसा साफ करून वाचला. चोवीस वर्षांचा कर्मचारी, जेवणाची सुट्टी सोडून, नव्या कंपनीच्या यंत्राशी किती मायेने बोलतो, याचं चित्रण सोबत जोडलं आहे. दोन्ही कंपन्यांची मनं जुळवायला याहून योग्य माणूस नाही. तरी विभागाचं प्रमुखपद त्यांना द्यावं आणि खिडकीजवळचं टेबल कोणत्याही परिस्थितीत हलवू नये, अशी शिफारस.

वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा घातली, आणि खणात टाकली. साहेब वाईट माणूस नव्हते. सूड वगैरे त्यांच्या डोक्यात येत नसे. मत्स्यालयाचं मात्र जिव्हारी लागलं होतं. "तुम्हाला काचेची खोली हवी आहे ना," ते म्हणाले, "मग घ्या. मागणाऱ्याला नाही कसं म्हणू? प्रमुखपद मॅडमकडे राहील. मॅडम, तुम्हाला कुठे बसायला आवडेल?"

"खिडकीत," बाई लगेच म्हणाली. मग काकांकडे बघून, जरा अपराध्यासारखं, "अकरा वर्षं दिव्याखालीच काम केलंय मी."

त्यावर काकांना खूप काही बोलायचं होतं. पण तीन दिवसांत त्यांचं एवढं बोलून झालं होतं की आता जे खरोखर सांगायला हवं होतं त्यासाठी तोंड उघडेना. त्यांनी मान हलवली.

सोमवारी काका डगला, हातमोजे आणि बुटांवर निळ्या पिशव्या घालून काचेच्या खोलीत बसले. खुर्ची उत्तम होती. चहा आत न्यायला बंदी होती. सात दिवे सगळीकडून सारखे पडत होते, त्यामुळे धुळीचा कण कुठे लपलाय हे कळायला मार्ग नव्हता. काचेची खोली मिळाल्याबद्दल साडूंचा अभिनंदनाचा फोन आला, त्यांच्या आवाजात जळफळाट स्पष्ट होता, आणि काकांना त्याचं काडीचंही सुख झालं नाही.

समोर खिडकीत तिरपं ऊन आलं होतं. बाई हातमोजे न घालता काकांच्या टेबलावर एक जुना फोटोचा कॅमेरा उघडून बसली होती, शेजारी वाफाळता कप. तिने भिंग उन्हात कलतं केलं आणि तिचा चेहरा उजळला, पहिल्यांदा तो कण सापडल्यावर काकांचा उजळला असेल तसा. मग ती त्या कॅमेऱ्याशी काहीतरी बोलायला लागली. मधेच काचेकडे बघायची, पुन्हा बोलायची. बराच वेळ बोलत होती. काका काचेला नाक लावून बघत राहिले. एक शब्द ऐकू येत नव्हता, आणि बाहेर जाऊन विचारावं तर आधी त्या पिशव्या काढाव्या लागणार होत्या.