पडद्यावर उगवलेली पानं

कागद ओढेनासा झालेला प्रिंटर भंगारात द्यायचा नाही, एवढंच एका कारकुनाने ठरवलं होतं. पुढचं सगळं प्रिंटरने ठरवलं.

घरात त्याला 'इंजिनिअर' म्हणत. (दारावरची घंटा त्याने दुरुस्त केल्यापासून. ती आता दिवा लावला की वाजते.) बायको शिवणकाम करायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यासाठी एक पडदा सांगितला होता, पांढऱ्या कापडावर निळी पानं. पसंत पडला तर सगळ्या दवाखान्याचं काम तिलाच मिळणार होतं. पण पानं रंगवता रंगवता तिचं मनगट सुजलं.

"आण इकडे, छापून देतो," इंजिनिअर म्हणाला.

प्रिंटर उघडला आणि तो हरखूनच गेला. गुळगुळीत पोलादी गज, त्यावरून सरकणारं शाईचं डोकं आणि बाजूला एक इवलीशी दांडी. कागद आला की ती दांडी वाकणार, मगच प्रिंटरला छापायचा धीर येणार! एवढ्याशा डब्यात एवढी अक्कल कुणी भरली असेल, या विचाराने त्याचे डोळे पाणावले. मग त्याने त्या डब्याचं बूड कापलं, डबा लाकडी ठोकळ्यांवर चढवला आणि कागद ओढणाऱ्या मोटरला ड्रॉवर सरकवायची पट्टी जोडली, म्हणजे कापड खालून सरकेल. दांडी तेवढी बोटाने दाबायची. (थोडक्यात, कागदाचं काम आता इंजिनिअर करणार होता.)

"अगं, डोकं अडकलं!" तो ओरडला.

"अगं बाई! कशात?" आतल्या खोलीतून बायको.

"गजावर!"

"ओढू नका! साबण आणू की तेल?"

"तेल. थोडंच आण, कापडावर गळेल."

"कापड गेलं खड्ड्यात! कान शाबूत आहेत ना?"

ती बाटली घेऊन धावत आली. नवरा अखंड दिसला तेव्हा तिला आधी हायसं वाटलं आणि मग राग आला.

तेल लागलं, इंजिनिअरने दांडी दाबली. डोकं सर्रकन गेलं, परत आलं, कापड केसभर सरकलं. शाई पडताना दिसतच नव्हती, पण पान उगवताना दिसत होतं. दोघांनी श्वास रोखून धरला.

"अहो, शिरासुद्धा!" ती कुजबुजली. असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानेही नव्हतं, पण चेहरा मात्र त्याने रोजचंच असल्यासारखा केला.

संध्याकाळपर्यंत पडदा पानांनी भरला. आता बिनइस्त्रीचं कापड तिच्या घरातून बाहेर पडत नसे, आणि पाणी शिंपडल्याशिवाय ती इस्त्री फिरवत नसे. ही शाई पाण्यात विरघळते, हे इंजिनिअरला ठाऊक होतं. सांगायचं राहिलं, कारण तो अजून गजाकडेच बघत होता.

पानं फुगली, एकमेकांत मिसळली आणि दिसेनाशी झाली. उरला नुसता निळा रंग, कुठे गडद, कुठे फिका. "गेलं माझं काम!" म्हणून ती मटकन खाली बसली, तोच डॉक्टरीणबाई दारात हजर.

त्यांनी पडदा उचलला, उजेडात धरला.

"अहो, हे तर आभाळ आहे! पानं नकोतच आता. सगळ्या दवाखान्याला हेच हवं. बघता बघता पेशंट दाढ विसरेल!"

त्या गेल्या. बायको नवऱ्याकडे थक्क होऊन बघत राहिली.

"अहो, खरंच धन्य आहे तुमची!" ती म्हणाली. इंजिनिअरची छाती फुगली. "आख्खा प्रिंटर कापलात, दिवसभर बोट दाबून बसलात... नुसती शाई बादलीत ओतली असतीत तरी चाललं असतं की!"