हौसाबाईचे उसने गोणपाट

एका जंगलात, मोठ्या वणव्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी, शिशिर ऋतूत, माघ लागला त्याच आठवड्यात ही गोष्ट सुरू झाली. मुलांनो, साल विसरलात तरी चालेल. ऋतू विसरू नका. गोष्ट थंडीची आहे.

त्या जंगलात एका गुहेत हौसाबाई नावाची अस्वलीण राहत होती. तिच्या नवऱ्याचे नाव गेनू. तो मध आणी, खाई आणि झोपे. बोले कमी. त्यांची एकुलती लेक नदीपलीकडच्या डोंगरात दिली होती.

या घरात तीन जनावरे पाळलेली होती. एक कुत्रा, एक कोंबडी आणि एक मांजर. ती जंगलात कुठून आली, असे कुणीतरी विचारणारच. विचारू नका, सांगतो. जंगलाच्या कडेला एक पाडा होता. वणव्याच्या साली तिथली माणसे उठून दुसरीकडे गेली. जाताना त्यांनी भांडी मोजून नेली. जनावरे मोजायची राहिली.

कुत्र्याचे नाव वाघ्या. या नावाला वाघाची हरकत होती. चौकशीला तो स्वतः आला. दारात म्हातारा, कंबर धरलेला कुत्रा बसला होता. वाघाने त्याला खालीवर पाहिले आणि म्हणाला, "राहू दे. म्हातारपणी नावच कामाला येतं."

तुम्ही म्हणाल, वाघ बोलतो, अस्वल बोलते, मग कुत्रा का बोलत नाही? पाळलेली जनावरे बोलत नाहीत. बोलू लागली की त्यांना पाळीव म्हणत नाहीत, भाडेकरू म्हणतात.

वाघ्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती. गोणपाट. पाड्यावरून येताना त्याने ते तोंडात धरून आणले होते. दारातल्या दगडावर ते पसरलेले असे. रात्री तो त्यावर गोल गोल फिरे, मग अंग मुडपून पडे. फिरून फिरून गोणपाटाच्या मधोमध एक गोल झिजला होता. दुखरी कंबर त्या गोलात बरोबर बसे. मागच्या दोन्ही थंड्या त्याने त्या गोणपाटावर काढल्या होत्या. गेनूने त्याला कितीदा आत बोलावले. तो येत नसे. दार राखणे हे त्याचे काम होते, आणि काम सोडून तो झोपायला जात नसे.

तर माघात नदीपलीकडून निरोप आला. विहीणबाई घर पाहायला येणार. लग्नानंतर पहिल्यांदाच.

हौसाबाईने गुहेकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"अहो, या भिंती बघा. नुसता दगड."

"गुहा आहे," गेनू म्हणाला.

"विहीणबाई काय म्हणतील?"

"गुहा आहे म्हणतील."

नवऱ्याचा उपयोग नाही हे पाहून हौसाबाई शालन कोल्हिणीकडे गेली. शालन जांभळीखाली वर्ग चालवीत असे. वर्गाचे नाव 'टाकाऊतून टिकाऊ'. फी काही नव्हती. येताना फक्त एक अंडे आणायचे. अंड्याचे पुढे काय होते ते विचारायचे नाही.

शालन घर पाहायला आली. चारही कोपरे हिंडली.

"हौसाताई, घर सजवायला पैसा लागतो असं कोण म्हणतं? नजर लागते."

"लागेलच," गेनू कूस बदलत म्हणाला.

"तुमच्याकडे टाकाऊ काय काय आहे ते दाखवा."

"टाकाऊ काही नाही हो. जे आहे ते वापरात आहे."

"वापरात आहे म्हणजे जुनं झालंय. जुनं झालंय म्हणजे टाकाऊ. मन खंबीर करा, ताई."

हौसाबाईने मन खंबीर केले.

कोंबडीचे डालगे उलटे करून छताला टांगायचे आणि त्याच्यामागे दिवा ठेवायचा, असे ठरले. म्हणजे भिंतीवर जाळीची सावली पडते. मांजर ज्यात दूध पीत असे ती करवंटी रंगवायची, तिच्यात माती भरून रोप लावायचे. सावरीचा कापूस घरात साठवलेला होता. त्याची गादी करायची, तिला चुण्या घालून फुलाचा आकार द्यायचा आणि समोर ठेवायची. विहीणबाईंच्या मानासाठी.

मग शालन दारात आली. वाघ्या गोणपाटावर बसला होता.

"हा गोल कुणी काढला?"

"त्यानंच. झोपून झोपून पडलाय."

"काय हात आहे हो याचा! अगदी उगवता सूर्य. याच्याभोवती गुंजा शिवा आणि समोरच्या भिंतीवर लावा. बाई जागच्या हलणार नाहीत."

"पण ते त्याचं आहे."

"मग विचारा त्याला. चोरी करायला मी सांगते का?"

हौसाबाई मानी बाई. कुणाचे फुकट घेत नसे. शेजारून मीठ आणले तरी उसने म्हणून आणी. वाटी परत करताना शीग लावून देई. उसने भांडे रिकामे परत द्यायचे नाही, हा तिच्या आईचा नियम होता.

"वाघ्या, गोणपाट उसनं दे रे. विहीणबाई येऊन गेल्या की परत."

उसने हा शब्द वाघ्याने पाड्यावर रोज ऐकला होता. भांडे या दारातून जाई, त्या दारातून परत येई. येताना त्यात काहीतरी असे. त्याचा वास त्याला ठाऊक होता. तो उठला, बाजूला झाला आणि शेपूट हलवली.

"बघा. हो म्हणाला," शालन म्हणाली. "मुक्यांचं हेच बरं. लगेच हो म्हणतात."

संध्याकाळी गेनू मध घेऊन आला. त्याने समोरची भिंत पाहिली. बराच वेळ पाहिली.

"भिंतीला थंडी वाजते काय गं?"

"तुम्हाला कळायचं नाही ते."

"मला नाही. त्याला कळतंय," गेनूने दाराकडे बोट केले. वाघ्या उघड्या दगडावर गोल गोल फिरत होता. दगडाला गोल पडत नाही.

"आठवड्याचा प्रश्न आहे," हौसाबाई म्हणाली.

आठवडा झाला. विहीणबाईंचा पाय मुरगळला, असा निरोप आला. मग नदीवरचा आडवा पडलेला ओंडका वाहून गेला, असा निरोप आला. दुसरा ओंडका पडेपर्यंत थांबणे भाग होते. गोणपाट भिंतीवरच राहिले.

दिवेलागणीला वाघ्या आत येई. भिंतीखाली बसे. वर गोणपाटाकडे बघे, मग हौसाबाईकडे बघे आणि शेपूट हलवी.

"हो रे बाबा. येऊ देत त्यांना," ती म्हणे.

शालनच्या वर्गातल्या बायका घर बघायला येऊ लागल्या. एक नीलगाय म्हणाली, "अगंबाई, कुत्रासुद्धा काय रसिक आहे! कसा बघत बसलाय."

हौसाबाईला बरे वाटले. वाघ्या उठून पुन्हा दारात गेला.

उरलेल्या दोघांनी उसने वगैरे काही मानले नाही. कोंबडीने मानाची गादी धरली. उठवली की पुन्हा जाऊन बसे. मांजराने रंगवलेल्या करवंटीतली माती पाहिली आणि मांजरे मातीचे जे करतात ते केले. रोप जोमाने वाढले.

थंडी वाढत गेली. पहाटे दगडावर दव गोठू लागले. वाघ्याला खोकला झाला. त्याचा घसा बसला. भुंकायला तोंड उघडले की नुसती वाफ येई.

"परत दे त्याचं," गेनू म्हणाला.

"अहो, विहीणबाई अजून आल्या कुठं?"

"थंडी आली आहे."

"एवढे दिवस थांबलो, आता दोन दिवसांसाठी काढू? गुंजा शिवल्यात मी. बोटं सोलली माझी."

मुलांनो, बोटे सोलली असे कुणी म्हणाले की पुढे बोलता येत नाही. गेनूने आपल्या अंथरुणाचे गवत आणून दारातल्या दगडावर टाकले. वाऱ्याने ते उडवले.

मग एका संध्याकाळी वाघ्या दारातून उठला. पाय ओढत मागच्या बाजूला गेला आणि चुलीतल्या कोमट राखेशेजारी पडला. या घरात आल्यापासून झोपायला म्हणून त्याने पहिल्यांदाच दार सोडले होते. हौसाबाईचे लक्ष नव्हते. ती दिवा लावत होती.

त्याच संध्याकाळी विहीणबाई आल्या.

नाव धुरपदाबाई. डोंगरातली अस्वलीण. अंगाने दांडगी, बोलायला त्याहून. दारात कुणी भुंकले नाही, म्हणून त्या सरळ आत आल्या.

"आहे का कुणी? तुमच्या दारात कुत्रं असतं ना? सून सांगत होती, आमचा वाघ्या पाहुणा नदीवर असतानाच ओळखतो."

"या, या, विहीणबाई! आहे की. असेल इथंच कुठंतरी." हौसाबाईने पदर सारखा केला. "घर बघा आधी."

धुरपदाबाईंनी मान वर केली. कपाळ डालग्यावर आपटले.

"हे काय लागलं डोक्याला?"

"दिव्याची शोभा आहे हो ती."

"डालगं आहे हे."

"होतं."

"आणि हा वास कसला?"

"रोपाचा. म्हणजे, मातीचा."

"माती ओळखते मी," धुरपदाबाई म्हणाल्या. त्यांनी चौफेर पाहिले. "घर आहे का जत्रेतलं दुकान?"

हौसाबाईला ही स्तुती वाटली. "सगळं घरातल्या घरात केलं. खर्च शून्य."

"बरं. दिवसभर चाललेय. पाय भरून आलाय." त्या गादीकडे वळल्या.

"अहो, त्यावर नको! ते शोभेचं आहे. चुण्या मोडतील."

"कोंबडी बसलीय."

"ती ऐकत नाही."

"मग मी कुठं बसू?"

हौसाबाईने आजूबाजूला पाहिले. घरात मऊ म्हणून जे होते ते एकतर भिंतीवर होते, नाहीतर बघण्यासाठी होते. गेनूचे गवतसुद्धा उडून गेले होते. तो उभा राहिला आणि आपली जागा दाखवली. तिथे नुसता दगड होता.

धुरपदाबाई आत गेल्या. चुलीची ऊब कुठे असते ते बाईला सांगावे लागत नाही. तिथे राखेशेजारी वाघ्या पडला होता. त्याने डोके उचलले. पाहुणी ओळखली. मग कसाबसा उठला आणि उबेची जागा सोडून पलीकडे सरकला.

धुरपदाबाई बसल्या. "या घरात मला जागा दिली ती यानं," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच थांबवला. "हा कापतोय. याचं अंथरूण कुठं आहे?"

वाघ्याने समोरच्या भिंतीकडे पाहिले. धुरपदाबाईंनीही पाहिले.

"मघाशी बघितलं तेव्हाच मला ओळखीचं वाटलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमचा म्हातारा कुत्रा गेला ना, त्याच्या तरटावर असाच गोल होता. मी ते अजून धुतलेलं नाही. विहीणबाई, हे याचं अंथरूण आहे."

"फुकट नाही घेतलं मी," हौसाबाईचा आवाज चढला. "उसनं घेतलंय. त्याला विचारून."

"परत कधी करणार?"

"तुम्ही येऊन गेल्यावर."

"मग मी जाते."

"अहो, असं काय करता! चहासुद्धा घेतला नाहीत. आत्ता तर आलात!"

"उसन्याला मुदत असते. तुम्ही ती माझ्या जाण्याशी बांधलीत. मी बसून राहिले तर हा कापत राहील."

धुरपदाबाई उठल्या. मुरगळलेला पाय टेकत दाराबाहेर गेल्या. बाहेर बोचरा वारा होता. जांभळीखाली जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि तिथून ओरडल्या, "मी आले आणि गेले! झालं ना?"

हौसाबाई भिंतीसमोर उभी होती. गुंजा दिव्यात लाल चमकत होत्या. मधला गोल काळा दिसत होता.

"सूर्य म्हणे," गेनू पुटपुटला.

हौसाबाईने गोणपाट भिंतीवरून ओढले. गुंजांचा दोरा दाताने तोडला. गुंजा गुहेभर सांडल्या. बोटे पुन्हा सोलली, त्याचा तिने या वेळी उल्लेख केला नाही. गोणपाट घेऊन ती दारापर्यंत गेली आणि थांबली. हातातली वस्तू रिकामी होती.

ती मागे फिरली. कोंबडीला उचलून बाजूला ठेवले. मानाची गादी फाडली. सावरीचा सगळा कापूस काढला, गोणपाट दुहेरी केले आणि कापूस मध्ये भरला. दारातल्या दगडावर ते पसरले. गोल वर ठेवला.

वाघ्या पाय ओढत आला. त्याने वास घेतला. गोल गोल फिरला. अंग मुडपून पडला. कंबर गोलात बसली.

उसने फिटले.

तात्पर्य : घर कमी खर्चात सजवायचे असेल तर मुक्या जनावराची वस्तू खुशाल घ्यावी. फक्त घेताना 'उसने' म्हणू नये. उसने म्हटले की परत द्यावे लागते.