गुडघ्याचा तास

पोवार सरांच्या शेजारी पंगतीला कुणी बसत नाही. माणूस वाईट नाही. पण ताटात मटण पडलं की हे आधी खात नाहीत, शिकवतात. हाडाच्या टोकाचा पांढरा, चकचकीत भाग नखानं दाखवत म्हणणार, "ही कास्थि. हाडावर हाड घासू नये म्हणून गादी. तुमच्या नाकात, कानात हीच की!" शेजारचा पावणा आपलं नाक चाचपतो आणि नुसत्या पांढऱ्या रश्श्यावर जेवण उरकतो.

सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले, पण तास काही संपला नाही. साऱ्या शरीरात त्यांचा जीव एकाच गोष्टीत, संयोजी ऊतींत. मी चौथी शिकलेली. मला त्यांनी फोड करून सांगितलं, "आक्का, जोडायचं, आधार द्यायचं काम त्यांचं. स्नायूला हाडाशी बांधतो तो स्नायुरज्जू. हाडाला हाड बांधतो तो अस्थिबंध. हाड पण त्यातलंच, चरबी पण. आणि रक्त बी!"

"रक्त कसलं जोडतंय? वाहतंय की ते."

"वाहतंय म्हणूनच जोडतंय! इकडचं तिकडं पोचवतंय."

गल्लीतल्या माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली आहे. या घरची बातमी त्या घरी नेणारी शालन म्हणजे रक्त. मी कास्थि, कारण दोन सुना एका घरात आणि मी मध्ये. "तुम्ही झिजला की हाडं वाजणार बघा," म्हणाले. मी म्हटलं, "आणि तुम्ही चरबी. काम न्हाय, नुसती जागा अडवायची." तर खूश! "अहो, चरबी ऊब धरती, धक्का सोसती!" अशा माणसाला टोमणा मारून उपयोग नाही.

दिवाळीआधी न्हाणीत माझा पाय घसरला आणि गुडघ्यातला अस्थिबंध फाटला. डॉक्टरांनी पट्टा बांधला. पुढं तो काढून म्हणाले, आता चालायचं, नाहीतर गुडघा आखडेल आणि कायमचं खाटेवर बसाल. मी काही उठेना. सुना सांगून थकल्या.

मग सर खडू घेऊन आले. आमच्या फरशीवर हा एवढा गुडघा काढला. "अस्थिबंधाला रक्त कमी मिळतंय, म्हणून भरून यायला वेळ लागतो. पण हालचाल पाहिजेच." सुनेनं गुडघा पुसून काढला. दुसऱ्या दिवशी सरांनी नवा काढला. असं रोज चाललं. शेवटी मी वैतागले.

"सर, सगळं कळलं. पडायचं भ्या वाटतंय. ते भ्या कुठल्या ऊतीत असतंय, तेवढं सांगा."

सरांनी फरशीवरचा गुडघा हातानंच पुसून टाकला.

"आमची ही पण हेच म्हणाली होती," ते म्हणाले. सरांची बायको अशीच पडली आणि मग खाटेवरून उठलीच नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. "मला भ्या वाटतंय म्हणाली. आणि मी काय केलं? परत पहिल्यापासून शिकवलं."

खडू खाली ठेवून, हात पँटला पुसून त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

मी उठले. कळ मस्तकात गेली. कसंबसं दारापर्यंत गेलो आणि तिथल्या बाकड्यावर बसलो. गुडघा दुखत होता माझा, पण घट्ट धरून बसले होते ते. हात काही सोडेनात. मीही सोडवला नाही.

थोरली सून चहा घेऊन आली आणि आमच्याकडं बघत कपबशा धरून तशीच उभी राहिली.

"बघतीयास काय? ठेव की खाली," मी म्हणाले.