तुरेवाल्या ‘ए’ची जत्रा

“माझ्याआधी ही यादी कुनी उघडली, तर केसांत गजरा माळून करवली म्हणून उभा राहीन!” गोरक्षनाथ सर भर मांडवात गरजले. केडगावात कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा माणूस तो, मागं हटतोय व्हय!

“अन् तुमी उघडली, तर मी हुतो करवली!” शेजारच्या टेम्पोवाल्या भिमाजीनं टाळी दिली. तोही मिशीला पीळ देत!

घोळ असा झालता. कारभारीच्या पोरीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न. मानाच्या पाहुण्यांची यादी लॅपटॉपवर, पहिला फेटा कुणाला, दुसरा कुणाला, सगळं क्रमानं. अन् फाईल उघडावी तर मराठी अक्षरं गायब! जिकडंतिकडं डोक्यावर तुरा खोवलेल्या इंग्रजी ‘ए’ची जत्रा! अर्ध्या तासात फेटे सुरू. एखादा मामा गाळला, तर पोरीचं आजोळच तुटायचं!

“सोप्पंय,” सर म्हणाले. “अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवलीत, तिचं नाव ह्या लिस्टमधून निवडायचं.”

निवडलं ‘लॅटिन-वन’. तुरेवाले ए! ‘आयएसओ ८८५९-१’. तुरेवाले ए! मग ‘सीपी ८१९’, ‘आयबीएम ८१९’, ‘एल-वन’. तुरे काय हलंनात!

“पाच पद्धती झाल्या. फाईलच मेली!” सरांनी जाहीर केलं.

भिमाजी खुदकन हसला. जवानीत हा गडी एकाच जत्रंत पाच गावांकडून कबड्डी खेळलेला, पाच नावांनी, एकाच मिशीवर!

“सर, पाच कुठल्या? एकच हाय! नावं पाच, पन थोबाड बगा की. तुरा न् तुरा तसाच! एकाच गड्याला पाचदा मैदानात उतरवताय तुमी!”

सरांनी मोबाईलवर शोधलं. चेहरा पार उतरला. पाचही एकाच पद्धतीची नावं!

“मग आता रं?” कारभारी ओरडला.

“ज्याचं तोंड अजून बगितलं न्हाई, त्याला बोलवू. ह्यो खालचा कोन, यूटीएफ-८?” भिमाजीनं बोट दाबलं.

अन् पडद्यावर लख्ख मराठी! ‘पहिला फेटा : थोरले मामा’! मांडवात शिट्ट्याच शिट्ट्या! थोरल्या मामांनी तर भिमाजीला खांद्यावरच घेतला!

मंगलाष्टकांना सर नवरीमागं उभे. हातात कऱ्हा, टकलाभोवती गजरा, अन् समोर अख्खं केडगाव मोबाईल काढून! भिमाजीनं ऐटीत मिशी पिळली.

तेवढ्यात वराकडच्यांनी करवलीचा मान म्हणून सरांना पैठणी दिली. जरीची, मोराची!

भिमाजीनंही छाती फुगवून कारभारीकडं बघितलं.

“शाब्बास रं वाघा!” कारभारीनं त्याची पाठ थोपटली. “आता तेवढ्या खुर्च्या टेम्पोत भर!”