गोरेगावच्या जावयाची नोकरी

पैनगंगा ओलांडताना प्रल्हादरावांच्या पायातला एक जोडा पाण्यात गेला, तेव्हाच द्वारकेने गाडी मागे वळवायला हवी होती. पण ती कॉलेजात शिकलेली. शकुन-अपशकुन मानणे तिने इंटरच्या वर्गातच सोडून दिले होते. "जाऊ द्या, आमच्या मोगलाईत नवा मिळेल," ती म्हणाली. (मिळाला. पुढे इतके जोडे मिळाले की ठेवायला फळी अपुरी पडली. पण ते पुढे येईल.)

झाले होते असे. प्रल्हादराव बी. ए. होते आणि वाशीमच्या एका खाजगी शाळेत मास्तर होते. ती शाळा बंद पडली. बी. ए. झालेला माणूस घरी बसला की घरच्यांना त्याचा उपयोग लगेच सुचतो. थोरल्या वहिनींनी त्यांना दळणाला धाडायला सुरुवात केली, आणि जळणाची मोळी आणायला धाडले त्या दिवशी द्वारकेने ट्रंक भरली.

"माझ्या माहेरी चला. गोरेगावात आबांना कोण ओळखत नाही? चार दिवसांत नोकरी लावून देते. नोकरी लागली की आपली वेगळी खोली, आपली वेगळी चूल."

वेगळ्या खोलीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. लग्न होऊन दोन वर्षे झाली, पण भरल्या घरात दार लावून नवऱ्याशी एकदा मनसोक्त भांडावे म्हटले तर तेवढीही सोय नव्हती.

नदीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम. अंतर गाडीवाटेचे, पण मुलूख दुसरा. नाणे वेगळे, कचेरीची भाषा उर्दू, आणि नाक्यावरचा शिपाई लाडवांचा डबासुद्धा उघडून बघणार. (बघितला. दोन लाडू सरकारजमा झाले.)

पहिला तडाखा सरकारने दिला. हिंगोलीच्या कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारले, "मुलकी?"

"नाही. वाशीमचे," द्वारकाच म्हणाली. प्रल्हादरावांना उर्दूत फक्त 'जी' येत असे.

"मग गैरमुलकी. सरकारी नोकरी नाही मिळणार. इथल्याच माणसाला मिळते."

"मी आहे ना इथली!"

"तो फिर नोकरी आप कीजिए," कारकून म्हणाला, आणि सगळी कचेरी हसली. द्वारकेला हा विनोद फार हलका वाटला.

सरकार नाही तर नाही. गोरेगावात कय्युमचाचांच्या कापडदुकानाला हिशेबनीस हवा होता. द्वारका नवऱ्याला घेऊन दुकानात शिरली. चाचा ताडकन उठले आणि खांद्यावरच्या रुमालाने त्यांनी गादी झटकली.

"आओ, आओ, जावईबापू! बैठो!"

"चाचा, यांना बसवू नका. कामाला ठेवा."

चाचांना ठसका लागला. "पोरी, माझ्या खांद्यावर बसून जत्रा पाह्यलीस तू. तुझा नवरा तो माझा दामाद. दामादला नोकर ठेवू? तुझे आबा, उकंडराव, माझी दाढी तरी ठेवतील का?"

दोघे परत आली तेव्हा प्रल्हादरावांच्या काखेत कोटाचे कापड होते.

तेलाच्या घाण्यावर त्यांना टोपी मिळाली. भुसाराच्या दुकानी धोतर. चांभाराकडे जोडा शिवायला गेले, तर त्यानेही पैसे घेतले नाहीत, वर आणखी एक जोड बांधून दिली, आणि ते ऐकून बाकीच्या चांभारांनीही एकेक धाडली. एका घरचा जावई तो साऱ्या गावाचा जावई, हे द्वारकेला जन्मापासून ठाऊक होते, पण आपल्या नवऱ्याच्या गळ्यात ते धोंड्यासारखे अडकेल हे तिच्या डोक्यात आले नव्हते. जिथे काम मागावे तिथे पाट मांडला जाई, पुरण शिजे, आणि काम सोडून सगळे मिळे. प्रल्हादरावांच्या सदऱ्याची बटणे ताणली जाऊ लागली. सरकारच्या लेखी हा माणूस परका, म्हणून काम नाही. गावाच्या लेखी तो फारच आपला, म्हणून काम नाही.

"बरंय की इथं," प्रल्हादराव तिसऱ्या पोळीवर तूप घेत म्हणाले.

द्वारकेने त्यांच्याकडे असे पाहिले की तूप थिजले.

आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मिशीवरून हात फिरवला. "पोरी, काहून हिंडवून राहिली जावयाला दारोदार? लोक म्हनतील, उकंडरावाला एक मानूस पोसवंना."

"पोसायला ते काय बैल आहेत, आबा?"

"बैल असता तं कामाला जुपला असता. जावई हाय म्हनून तं तकलीफ हाय."

"मी यांना नोकरी लावून दाखवीन. नाही लावली तर परत जाईन वाशीमला, दळणं आणीन, आणि शिकल्याचं नावसुद्धा काढणार नाही!"

रागाच्या भरात बोलून गेली खरी. मग तिला वहिनींची जळणाची मोळी आठवली.

उपाय एकच होता. जिथे कोणी ओळखत नाही तिथे जायचे. हिंगोलीला हिरासिंगशेठची कापसाची जिनिंग होती. तिथे काट्यावर कापूस तोलायला माणूस हवा होता. द्वारका मावशीकडे उतरली आणि नवऱ्याला तिने वाटेत घोकवले, "सासुरवाडी विचारली तर अकोला सांगा. गोरेगावचं नाव काढायचं नाही."

प्रल्हादराव सरळ माणूस. खोटे बोलताना त्यांचे कान लाल होत. शेठचे मुनीम हरिचंद यांनी विचारले, "सासुरवाडी कुठली?" प्रल्हादरावांना अकोला आठवेना. घाईत ते म्हणाले, "लग्नच नाही झालेलं."

नोकरी लागली. द्वारकेने खोली बघून ठेवली, चुलीसाठी मातीही आणवली.

दुसऱ्या दिवशी हरिचंद मुनीम प्रल्हादरावांसाठी घरून शिरा घेऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांनी काट्याजवळ गादी टाकली. मुनीमजींची एक भाची लग्नाची होती.

"हे काय, हात नका लावू पोत्याला," मुनीमजी म्हणू लागले. "कपडे खराब होतील."

प्रल्हादरावांनी घरी हे सांगितले नाही. शिरा चांगला होता.

त्याच आठवड्यात गोरेगावच्या गाड्या कापूस घेऊन आल्या. सर्वांत पुढे सोनाजी. त्याने काट्याकडे पाहिले आणि कासरा हातातून सोडला.

"आरं देवा! जावईबापू काटा धरून राहिले!"

"कोणाचे जावई?" हरिचंद मुनीम उठले.

"आमच्या गावचे. उकंडरावाचे."

"काहीतरीच! त्यांचं लग्न व्हायचं हाय. माझ्या भाचीसंगं."

सोनाजी हळूच प्रल्हादरावांच्या कानाशी वाकला. "दुसरी करून राहिले का, बापू?"

प्रल्हादरावांचे कान लाल झाले, मग तोंड, मग टकलाचा दिसत होता तेवढा भाग. गोरेगावकर खवळले. आमचा जावई पळवला, म्हणून ते मुनीमजींवर धावले, आणि आमच्या जावयाला राबवले, म्हणून शेठवर. काही जण जावयाला सन्मानाने बसवायला जागा शोधू लागले. स्वच्छ अशी एकच होती, काट्याचे पारडे. त्यांनी प्रल्हादरावांना उचलून त्यात बसवले. दुसऱ्या पारड्यातली वजने वर गेली. सासुरवाडीच्या पाहुणचाराचा तो पहिला चोख पुरावा.

नेमकी त्याच वेळी द्वारका डबा घेऊन दारात आली.

नवरा पारड्यात, मुनीम रडकुंडीला, गाव हमरीतुमरीवर. तिने डबा सोनाजीच्या हातात दिला आणि पदर खोचला.

"एकेकानं बोला! हरिचंदकाका, भाचीला दुसरीकडं द्या. हे दिलेले आहेत! सोनाजीमामा, गाडी पुढं घ्या. आणि अहो, तुम्ही आधी खाली उतरा!"

ते उतरले. तिने काट्याची दांडी धरली, पोते चढवले, वजन पुकारले. एरवी सोनाजी पोत्यापोत्याला भांडायचा. आज तो तोंड उघडायचा, आणि गावच्या लेकीशी भांडावे कसे, म्हणून मिटायचा. शिवाय तिचा आवाज आधीच चढलेला होता. दुपारपर्यंत सगळ्या गाड्या रिकाम्या झाल्या. असे त्या जिनिंगमध्ये कधी घडले नव्हते.

हिरासिंगशेठ इतका वेळ खांबाला टेकून बघत होते. "ही कोन?"

"आमच्या गावची लेक," सोनाजी म्हणाला.

"जावयाला काम सांगता येत न्हाई म्हनता. मग लेकीला?"

सोनाजीला प्रश्नच कळला नाही. "लेकीला न्हाई सांगायचं तं मग कोनाला सांगायचं?"

तर काट्यावरची नोकरी द्वारकेला लागली. तिला आनंदही झाला आणि संतापही आला, आणि कचेरीतला तो कारकून आठवला तेव्हा नुसताच संताप आला. प्रल्हादराव रोज दुपारी तिचा डबा घेऊन येऊ लागले. म्हणजे निघताना डबा त्यांच्या हातात असे. वाटेत गोरेगावचा कोणी भेटला की तो घाबरून डबा काढून घेई, त्यामुळे पोहोचताना ते रिकाम्या हाताने पुढे, पान चघळत, आणि डबा मागून दुसऱ्याच्या डोक्यावर.

शेठच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रल्हादराव आवारात असले की शेतकरी शिव्या देत नाहीत, भावावरून अडून बसत नाहीत. जावयासमोर तोंड कसे टाकायचे? शेठनी एक खुर्ची मागवली आणि काट्यासमोर ठेवली. पहिल्या तारखेपासून प्रल्हादरावांनी सकाळी येऊन तीत बसायचे ठरले. पगारी.

आबा मुद्दाम हिंगोलीला बघायला आले. "काम काय म्हनली जावयाला?"

"बसायचं," द्वारका दात आवळून म्हणाली.

"हे बराबर हाय. शोभंल असं हाय." आबांची मिशी फुलली. "अन् पगार?"

द्वारका काट्याची वजने रचू लागली.

"तुझ्याहून जास्ती हाय व्हय?"

"हो!"

"मग? जावयाला लेकीहून कमी कसा देतील?"

त्या दिवशी कामावरून आल्यावर द्वारकेने आपल्या वेगळ्या खोलीचे दार आतून लावले, कडी घातली, पदर खोचला आणि दोन वर्षे साठवलेले भांडण एकदाचे सुरू केले. पोती तिने उचलायची, हात तिचे सोलवटायचे, आणि पगार कोणाला जास्त? प्रल्हादरावांनी शांतपणे ऐकून घेतले. मग ते उशीला टेकत म्हणाले,

"अगं, जरा हळू बोल. आणि तेवढं तेल गरम कर. दिवसभर बसून बसून कंबर धरली आहे माझी."