राजय्या मेंबर

राजय्या कोणाच्याही घरी आला का काखेत भोक पाडलेला तेलाचा डबा. चहा नको, पाणी नको. पळसाचं एक पान आपल्या हातात देणार अन् म्हणणार, "टाक अण्णा. वर नाई, अंदर!" पान आत पडलं का मान डोलावून पुढच्या घरी.

तेलंगणातून आमच्या राजूरच्या खाणीत कोळसा काढाले आलेला गडी. अशा लोकायले आम्ही परदेशी म्हणो. त्याइच्या मजुरांच्या खोल्यायच्या लाईनीत विहीर नव्हती, बाया नाल्यावरून पाणी आणत. पंचायत म्हणे, "आज हायत, उद्या नाहीत. याइले विहीर कायले?" राजय्या म्हणे, "मंग मीच पंचायतीत बसतो." अन् राह्यला उभा.

तवा मतदानात ज्या त्या उमेदवाराची पेटी वेगळी असे. राजय्याच्या पेटीवर कंदील. बायाइनं त्या पेटीले हळदीकुंकू लावलं, मताची पर्ची वर ठेवली, हात जोडले अन् आल्या घरी. माही बायको काशी त्याइच्यातच. मतदानाच्या साहेबानं वरच्या साऱ्या पर्च्या बाद केल्या. राजय्या पडला. मी काशीवर ओरडलो, तं मलेच म्हणे, "देवापुढं ठेवलेलं कोणी उचलते काय जी?"

दुसऱ्या दिवशी राजय्या डबा घेऊन दारात. "अक्का, पुढच्या खेपेले. वर नाई..."

"अंदर," काशी म्हणे, अन् पान टाके.

निवडणुकीचा पत्ता नाही, अन् याचा डबा वर्षानुवर्षं फिरून राह्यला. एका म्हाताऱ्यानं चिडून त्यात पान खाऊन थुंकलं. राजय्या म्हणे, "थुंकला, पण अंदर थुंकला. शिकला बुढा!"

दुसरी निवडणूक आली, अन् पंधरा दिवस आधी काशी तापानं गेली. मतदानाच्या दिवशी मी ओसरीवर बसून होतो. गावात रांगा लागलेल्या, अन् हा उमेदवार माह्यापाशी येऊन बसला. डबा नाही, मताचं नाव नाही. ऊन कललं तरी उठेना. मी खेकसलो, "अबे, तुही पेटी तिकडं, तू इथं काय करून राह्यला?"

"माही घरवाली लच्चम्मा गेली तवा मी तेरा दिवस एकटा बसलो," तो म्हणे. "परदेशी माणसाच्या दारात कोण बसते अण्णा?"

त्याची खोली माह्या घरापासून हाकेवर. मी गेलो नव्हतो.

उठलो. टोपी घातली. "चाल," म्हटलं, "पेटी बंद होईन."

राजय्या निवडून आला. पुढच्या उन्हाळ्याआधी त्यानं विहीरही करवून घेतली. पण मले आठवते ते निकालाच्या दिवसाचं. लाईनीत ढोल वाजत होता, राजय्या दिसन त्याले गुलाल फासत होता. फासत फासत माह्यापुढं आला अन् थबकला. हात धोतराले पुसला, पुन्हा पुसला, बोटं पाह्यली, अन् मंग माह्या खांद्यावर ठेवला.