दिगूभावजींचं परदेशी तळं

दाराशी स्वतःची होडी बांधलेला देवबागचा माणूस कॉम्प्युटरवर मासे पकडतो, असं सांगितलं की लोक मलाच वेड्यात काढतात. पण आमचे शेजारी दिगूभावजी पकडतात, त्याला मी काय करू? पुढे समुद्र, मागे खाडी, आणि हे पडवीत पंख्याखाली बसून कुठल्याशा परदेशी तळ्यात गळ टाकतात. त्यांच्या होमस्टेला आलेल्या पाहुण्यांनी "काका, मासेमारी दाखवाल का?" असं विचारलं, की हे खुर्ची सरकवून शेजारी जागा करून देतात. पुढच्या खेपेला ते पाहुणे आमच्याकडे उतरतात, म्हणून मी फार बोलत नाही.

गेम ते ऑनलाइन दुकानातून घेतात, तेही सेल लागला की. पण त्यांचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो आणि बहुतेक गेम विंडोजसाठी केलेले. मग चालतात कसे, असं मी एकदा विचारून बसले. चहा गार झाला तरी सुटका नाही. मध्ये म्हणे एक प्रोग्राम असतो, तो गेमला विंडोजच असल्याचं भासवतो.

"वयनी, दशावतारात आमचो बाबल मिशी काढून राणी होता. सगळ्यांका म्हायत आसा. तरी ती रडाक लागली की तू डोळे पुसतंस मा? तसाच ह्या."

मग सरळ विंडोजच घाला की, म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "मी कोणाचो मिंधो नाय."

नवा गेम उतरवायचा तर आधी गाऱ्हाणं. कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे आणि खणखणीत आवाजात सुरू: "बा देवा महाराजा, ह्यो गेम मधीच अडकाक देव नको, ग्राफिक कार्डाची जी काय इडापिडा आसात ती खाडीपलीकडे घालव रे महाराजा!" मागे उभं राहून आम्ही "व्हय महाराजा" म्हणायचं. आम्ही म्हणजे मी आणि त्या दिवशी जे कोणी पाहुणे असतील ते. नागपूरची एक बाई तर नंतर प्रसादाला थांबली होती.

सिस्टीम अपडेट करायची तर थेट देवळात जाऊन कौल लावायचा. देवाला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर अपडेट, डावी पडली तर थांबायचं. गुरवही आता सरावलाय. अलीकडेच तर केलंत, एवढी घाई कसली, असं तोच ऐकवतो.

तर गणपतीच्या गडबडीत भावजींनी कौल न लावताच अपडेट केलं आणि मासेमारीचा गेम उघडेना. काळी चौकट यायची आणि जायची. बाकीचे सगळे गेम धड, हा एकच बंद. माणूस जेवता जेवता उठून पडवीत जायला लागला. देवाची माफी मागून झाली, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांना मेसेज टाकून झाले. अहो, गेमच तो, दुसरा घ्या, दुसऱ्या तळ्यात बसा, असं मी म्हटलं तर माझ्यावर खेकसले. एरवी कधी आवाज चढवत नाहीत.

"माका त्याच तळ्यात जावक होया!"

शेवटी परदेशातल्या कोणीतरी सांगितलं, त्या मधल्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती घालून बघा. तिन्हीसांजेला मी घावणे घेऊन गेले तर गेम उघडलेला. तळं, धुकं आणि भावजींची होडी. बघता बघता दुसऱ्या कोणा खेळणाऱ्याची होडी आली आणि यांच्या होडीला लागून थांबली. तिच्यावर नाव होतं श्रीधर जामसंडे.

श्रीधर म्हणजे भावजींचा सख्खा धाकटा भाऊ, जामसंड्याला राहतो. माडांच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि दोघांनी देवासमोर शपथ घेतली, की गावच्या जमिनीवर नाही की पाण्यावर नाही, एकमेकांशी बोलणार नाही. आईच्या बाराव्यालासुद्धा पाठीला पाठ लावून बसले होते, मीच वाढत होते.

भावजींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "शपथ हयच्या पाण्याची. ह्या तळा खंय हयचा?"

पडद्यावर श्रीधरने लिहिलं, "खंय होतस? माका भिया वाटला."

भावजी एका बोटाने अक्षरं शोधत राहिले. "गुडघो कसो आसा?"

"दुखता."

तेवढ्यात यांचा गळ खाली ओढला गेला, दोरी ताणली. भावजी, मासा लागला, ओढा, मी म्हटलं. त्यांनी हातसुद्धा हलवला नाही.

"जावंदे गो," ते म्हणाले. "ओढलंय तर होडी लांब जाता."